भाजलेली गुळ्ळव्वा

वेदश्रीनं आपल्या बाटलीतलं पाणी गुळ्ळव्वेच्या डोक्यावर ओतलं, आणि ते टेबलावरून ओघळत भारतीच्या साडीवर आलं. झालं ते एवढंच. तिसरीच्या वर्गात रोज याहून मोठे प्रकार होतात. कोणी खडू खातो, कोणी दुसऱ्याच्या डब्यात पेन्सिलीची टरफलं टाकतो. मग अक्कोरे ओरडतात, पोरं गप्प होतात आणि तास पुढं चालू होतो. (अक्कोरे म्हणजे बाई. धारवाडात मराठी शाळेतली पोरंसुद्धा बाईंना अक्कोरेच म्हणतात, त्याला आता कोणी हसत नाही.) पण आज भारतीला ओरडायला सुचलं नाही. पाच मिनिटांपूर्वीच तिनं वर्तमानपत्राच्या घड्या सोडवून ती मूर्ती टेबलावर ठेवली होती, जरा मागं सरकून उभी राहिली होती, आणि आता पोरं टाळ्या वाजवतील असं तिला वाटलं होतं. खोटं कशाला बोला. भट्टीतून भाजून आलेली, लालबुंद, वीतभर उंचीची बाई. पोरांनी आ वासला. वेदश्री पहिल्या बाकावरून उठली, जवळ आली, नखानं मूर्तीच्या खांद्यावर टिचकी मारली. टणक आवाज आला. मग तिनं बाटलीचं झाकण उघडलं, सगळं पाणी हळूहळू ओतलं, आणि वाकून खाली बघत राहिली. माती सुटते का, पाणी गढूळ होतं का, ते बघत होती ती. पाणी स्वच्छच होतं. तिनं झाकण लावलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "ही आता जात नाही, अक्कोरे." आणि जागेवर जाऊन बसली.

जात नाही. तसं म्हटलं तर खरंच होतं. गुळ्ळव्वा ही जायलाच आलेली असते. आषाढातल्या मंगळवारी मुली काळ्या मातीची ही बाई करतात, तिला गुंजांचे डोळे लावतात, पदराला करडईचे दाणे टोचतात, ताटात बसवून घरोघर आरती फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी खाऊपिऊ घालून पाण्यात सोडून येतात. पुढच्या मंगळवारी परत नवी. घरात ठेवून घ्यायची देवी ही नव्हे. हे भारतीला कोणी सांगायला हवं होतं असंही नाही. अळणावरजवळच्या गावात तिनं स्वतः किती गुळ्ळव्वा केल्या होत्या. ओढ्याच्या काठाला उकिडवं बसून, मूर्तीचा आधी पदर, मग हात, मग तोंड विरघळताना पाहिलं होतं. शेवटी दोन गुंजा तेवढ्या तळाशी राहायच्या आणि धाकटी बहीण यमुना पाण्यात हात घालून त्या वेचायला बघायची, तेव्हा आई तिच्या पाठीत धपाटा घालायची. गेलेल्या बाईचे डोळे काढून घेतात होय ग. सगळं ठाऊक होतं. आणि तरीही तीच बाई रुमालात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, हुबळीला कुंभाराकडं घेऊन गेली होती ती.

तास संपला. पुढचा गणिताचा होता, तोही झाला. भारती फळ्यावर लिहीत होती आणि साडीचा ओला भाग पोटरीला चिकटत होता. वर्ग तसा लहानच. मराठी माध्यमात आता येतं कोण. दहा-बारा पोरं, त्यातली निम्मी घरी कन्नड बोलणारी, मराठी शाळा घराजवळ म्हणून आलेली. इन्स्पेक्टर आले की विचारायचे, एवढ्या पोरांत तुम्हाला करमतं कसं. करमायचं तिला. पोरं थोडी म्हणून तर तिला वर्गात वाटेल तो उद्योग करता यायचा. भिंतीवर भेंडीचे ठसे होते, कांद्याच्या सालींची फुलपाखरं होती. गेल्या वर्षी काड्यापेट्यांच्या बसगाड्या केल्या होत्या, हुबळी-धारवाडमध्ये धावतात तसल्या लांबलचक, काचेच्या दारांच्या. सगळ्यांनी गाडीवर धारवाडची पाटी लावली, वेदश्रीनं बेंगळूरची लावली. "अग, ही गाडी नवलूरच्या पुढं हुबळीपर्यंतच जाते," असं भारतीनं तिला सांगितलं होतं. वेदश्री म्हणाली होती, "माझी जाते." हात कामाला लागले की पोरं बोलायला लागतात, हा भारतीचा इतक्या वर्षांचा अनुभव. नुसतं विचारलं तर पोर भिंतीसारखं गप्प, आणि तेच हातात ओली माती दिली की घरातलं कपाटातलं सगळं बाहेर काढतं. अप्पा कोणावर ओरडतात, अक्काचं लग्न का मोडलं, सगळं. वेदश्री मात्र हात चालू असतानाही बोलायची नाही. ती करायची. बोलायचं ते तिच्या हातून यायचं, आणि ते वाचायला आपल्यालाच जमतं असं भारतीला उगाचच वाटायला लागलं होतं.

ती पोर दोन वर्षांपूर्वी आली. अंबूताई तिला हाताला धरून घेऊन आली होती. मळमड्डीतच, भारतीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी अंबूताई, वेदश्रीच्या आईची मावशी. सप्तापुरात चार प्रोफेसरांच्या घरी आणि विद्यार्थ्यांच्या एका खोलीवर स्वयंपाक करते. "हिचा बाप नाही, हिची आई बेंगळूरला नर्शीण आहे, होस्टेलात राहते, तिथं पोरीला ठेवून घेत नाहीत," हे सगळं तिनं नाव घालायच्या आधीच एका दमात सांगून टाकलं. आणि मग, जरा घुटमळत, "शाळा चारला सुटते. मी यायला सात वाजतात." भारतीच्या तोंडून निघून गेलं, "सातपर्यंत माझ्याकडं बसेल की." तेवढ्या एका वाक्यावर दोन वर्षं गेली. चारला दोघी चालत घरी यायच्या. मळमड्डीच्या उतारावर स्कूटरवाले अंगावरून जायचे म्हणून भारती तिला आतल्या बाजूला घ्यायची. घरी आलं की आधी पाय धुवायचे, मग पोहे नाहीतर चुरमुरे, मग वेणी. वेदश्रीचे केस दाट आणि हट्टी. तेल लावून, विंचरून, दोन वेण्या वळून रिबिनी बांधेपर्यंत अर्धा तास जायचा. तो अर्धा तास. त्याच्यासाठी भारती सकाळपासून दिवस ढकलायची म्हटलं तरी चालेल. पोरीची मान समोर वाकलेली, मानेवर घामाचा आणि पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा वास, आणि तिच्या हातात ते केस. कधी कधी गुंता नसतानाही ती फणी फिरवत राहायची, आणि पोर कंटाळून "साकु, अक्कोरे," पुरे, म्हणायची.

प्रभंजनला हे दिसत होतं. भारतीचा नवरा कोर्टात शिरस्तेदार. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं फायलीत लावून घरी यायचा, त्यामुळं घरात भांडण नको असायचं त्याला. एकदा मात्र पोर गेल्यावर तो चहा ढवळत म्हणाला, "भारती, ती दुसऱ्याची आहे बरं का." भारती म्हणाली, "मी कुठं माझी म्हणते." तो म्हणाला, "म्हणत नाहीस." आणि कप घेऊन बाहेर गेला. या दोघांमध्ये एक विषय कधीच बंद झाला होता. हुबळीचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, कोणी सांगितलं म्हणून सौंदत्तीच्या यल्लम्मालाही जाऊन आले, आणि मग एका वर्षी दोघांपैकी कोणी काही न ठरवताच ते सगळं थांबलं. माळ्यावर एक पाळणा होता, प्रभंजनच्या आईनं आणून ठेवलेला. तो त्यानं परस्पर कोणाला तरी देऊन टाकला. रिकामी जागा दिसली तेव्हा भारतीला कळलं. ती रडली नाही. तिनं तिथं दिवाळीचे आकाशकंदील ठेवले. एवढ्या वर्षांनी, बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, हे असं परत अंगावर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ते मूल हवं असणं म्हणजे तरुणपणीचा आजार, कांजिण्यांसारखा, एकदा येऊन गेला की सुटलो, असं ती धरून चालली होती. कसलं काय.

आषाढात तिनं वर्गात माती आणली. तळ्याकाठची काळी, चिकण, घमेलंभर. बेंचं मागं सरकवली, जमिनीवर पोती अंथरली. गुळ्ळव्वा मुलींची असते म्हणून मुलगे बैल करतो म्हणाले, तेही चाललं. कोणाची बाई जाडी झाली, कोणाची कुबडी, एकीची तर इतकी वाकली की तिला खडूचा टेकू द्यावा लागला. वेदश्री कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. तास संपत आला तेव्हा भारतीनं जाऊन पाहिलं. बाई मांडी घालून बसलेली नव्हती, सगळ्यांच्या बसतात तशी. ती उभी होती, एक पाऊल पुढं, मान किंचित वळवलेली, कोणी हाक मारल्यावर निघालेली बाई थांबून बघते तशी. आठ वर्षांच्या पोरीनं हे कुठं पाहिलं. भारतीच्या लक्षात आलं, बसस्टँडवर पाहिलं. स्नेहा, तिची आई, वर्ष-सहा महिन्यांनी येते आणि दुसऱ्या दिवशी जाते, तेव्हा पायरीवर पाय ठेवून अशीच वळून बघत असणार. बाकीच्या मुली संध्याकाळी आपापली गुळ्ळव्वा ताटात घालून घरी घेऊन गेल्या. वेदश्रीची भारतीनं ठेवून घेतली. "प्रदर्शन आहे ना शाळेचं. तोवर वाळू दे." वेदश्री म्हणाली, "आणि मग सोडायची ना?" "सोडूया की," भारती म्हणाली. त्या वेळी ती खरंच तसं म्हणाली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

मग त्या शनिवारी अंबूताई आली. पोर परसात खेळत होती. अंबूताईनं स्वयंपाकघराच्या दाराशी फतकल मारली, पदरानं वारा घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "स्नेहा पंचमीला येतीय. ह्या वेळी न्यायला येतीय पोरीला. खोली बघितलीय, शाळा बघितलीय, दिवसपाळीचं काम मिळालंय. तिकिटाचा फोटोसुद्धा पाठवलाय, हे बघ." भारतीनं फोन हातात घेतला आणि परत दिला. नागपंचमीला लेकी माहेरी येतात ही इकडची रीत; झोके बांधतात, शेंगांचे आणि तंबिटाचे लाडू करतात. गेल्या पंचमीला स्नेहा येते म्हणाली होती, आली नाही, दिवाळीलाही तेच, दोन्ही वेळेला पोर दाराशी बसून राहिली आणि तापानं फणफणली. "म्हणून तिला एक अक्षर सांगायचं नाही," अंबूताईनं बजावलं. "आई दारात उभी राहिली की मग बघेल तिची ती. माझी शपथ आहे तुला." भारती हो म्हणाली. अंबूताईनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुलाही सुटल्यासारखं होईल ग. दोन वर्षं केलंस. स्वतःच्या पोटचं असल्यासारखं केलंस." ती चांगल्या मनानं बोलली होती. भारतीनं तिला चहा दिला, स्वतः घेतला, आणि आपण त्यात साखर घातलीच नाही हे तिला कप विसळताना कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती कोणाला न सांगता गुळ्ळव्वा घेऊन हुबळीला गेली. कुंभार ओणीतला, म्हणजे कुंभारगल्लीतला, अप्पाजी गणपतींच्या गडबडीत होता. त्यानं मूर्ती उलटी धरून पाहिली आणि कन्नडात म्हणाला, भरीव आहे, भट्टीत फुटेल, आतून कोरावी लागेल. कोरा, ती म्हणाली. गुंजा काढाव्या लागतील, जळतील. काढा, ती म्हणाली. त्यानं खालून तारेनं माती खरवडून काढायला घेतली तेव्हा तिनं तोंड फिरवलं. समोर दुकानाच्या पायरीवर एक बाई पोराला पाजत बसली होती, तिकडूनही फिरवलं. आपण हे का करतो आहोत, असा प्रश्न तिला तिथंच पडला होता, आणि त्याचं उत्तर तिनं प्रदर्शन असं दिलं होतं. पण परत येताना बसच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याला फसवता येईना. पोर जाणार. केस जाणार, मान जाणार, "साकु अक्कोरे" जाणार. काहीतरी एक राहू दे. शोकेसमध्ये ठेवता येईल, हात लावला की हाताला लागेल, असं तिच्या हातचं काहीतरी माझ्याकडं राहू दे. एवढंसंच तर मागत होती ती. वेदश्री मधूनमधून विचारायची, "अक्कोरे, माझी गुळ्ळव्वा?" आणि ती म्हणायची, "वाळतेय." आषाढाचे सगळे मंगळवार निघून गेले, अमावास्या झाली, श्रावण लागला, आणि ती वाळतच होती.

आज चारला शाळा सुटली तेव्हा वेदश्री तिच्याबरोबर चालली नाही. मागं राहिली, पाचपंधरा पावलं. भारती थांबली की ती थांबायची. उतारावर एक रिक्षा जोरात आली तेव्हा भारतीनं सवयीनं हात मागं केला, आणि हात रिकामाच राहिला. पिशवीत ती मूर्ती होती, चालताना गुडघ्याला लागत होती. घरी आल्यावर पोरीनं पाय धुतले, पाट घेतला, चुरमुऱ्यांच्या वाटीकडं पाहिलं नाही. "वेणी घालू ये," भारती म्हणाली. "नको." "का ग? रागावलीस?" मान हलली, नाही म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं. पोरांचा राग कसा काढायचा ते भारतीला येत होतं. ती तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "माझं चुकलं. तुला न विचारता भाजली मी. पण किती सुंदर झालीय बघ की. आता कधी मोडणार नाही." वेदश्रीनं पिशवीकडं एकदा पाहिलं. मग तिनं जे सांगितलं ते अगदी सरळ, पाढे म्हणावेत तसं सांगितलं. गुळ्ळव्वा पाण्यातून सासरी जाते. जाताना सगळ्यांचे निरोप घेऊन जाते. मी तिच्या कानात सांगितलं होतं, आईला पंचमीला पाठव म्हणून. गेल्या वर्षी मी गुळ्ळव्वा केली नव्हती, म्हणून आई आली नाही. या वर्षी केली. पण ती गेलीच नाही. "आता पंचमी आली. आता आई येणार नाही."

भारतीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. येतेय ग तुझी आई, तिकीट काढलंय तिनं. एवढं म्हटलं की झालं, पोरीचा चेहरा दिव्यासारखा होईल, चुरमुरे खाईल, वेणीला येऊन बसेल. आणि ते वाक्य बाहेर येईना. अंबूताईची शपथ आहे, ती स्वतःला म्हणाली. ह्याही वेळी स्नेहा आली नाही तर पोर आजारी पडेल. सगळं खरं होतं, वकिलानं मांडावं तसं बिनचूक. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. प्रभंजन लवकर आला होता, शर्टाची बटणं काढता काढता त्यानं बाहेरचं सगळं ऐकलं असावं. "सांगून टाक की तिला," तो हळूच म्हणाला. "अंबूताईनं बजावलंय." "अंबूताईनं बजावलंय म्हणून, का..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं एवढं म्हटलं होतं, आणि त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, हेच तिला सोसेना. तिला एकदम लख्ख दिसलं, की गेले पंधरा दिवस आपण रोज सकाळी उठून एकच गोष्ट मनात घोळवतोय: स्नेहाची रजा रद्द होऊ दे. गाडी चुकू दे. खोलीमालकानं नाही म्हणू दे. दात घासताना, फळा पुसताना, त्या पोरीच्याच वेणीत रिबीन ओवताना. ती पोर मातीच्या बाईच्या कानात सांगत होती, आईला पाठव, आणि आपण शेजारी बसून सांगत होतो, पाठवू नको. आणि वर आपण त्या बाईला भट्टीत घालून दगड करून ठेवलं, म्हणजे जायलाच नको. भारतीला स्वतःची शिसारी आली. आणि त्या शिसारीतसुद्धा ती पोर हवीच होती तिला. ते काही केल्या जाईना.

तिनं फडताळातून लोखंडी खलबत्ता काढला, बाहेर आली, आणि पिशवीतली मूर्ती काढून पोरीसमोर ठेवली. "फोडूया," ती म्हणाली. "बारीक पूड करूया. पूड जाते पाण्यातून." वेदश्रीनं डोळे मोठे केले. "पाप लागतं ना?" "मी फोडते. लागलं तर मला लागेल." पहिला घाव घालताना तिनं डोळे मिटले नाहीत. वळलेली मान आधी तुटली. मग खांदे, मग ते पुढं टाकलेलं पाऊल. तुकडे खलात टाकून ती कुटायला लागली. विटकरीसारखी लाल धूळ उडून तिच्या कपाळाला, ओठांना लागली. मनगट भरून आलं तसा प्रभंजन पुढं झाला, तिनं नको म्हटलं. वेदश्री सरकत सरकत अगदी जवळ आली, गुडघ्यावर हनुवटी टेकून खलात बघत बसली आणि थोड्या वेळानं कामावरच्या मुकादमासारखी म्हणाली, "आणखी बारीक. खडे राहिले तर ती तिथंच बसेल." भारतीनं खडेही कुटले. कुटता कुटता तिला रडू आलं आणि ते धुळीवर खपून गेलं.

रिक्षा करून दोघी केलगेरीच्या तळ्यावर गेल्या. ऊन उतरलं होतं, ढग होते, वारा होता. काठावर फिरायला आलेली माणसं होती. कोणी भरभर चालत होतं, एक म्हातारं जोडपं बाकावर बसून शेंगा सोलत होतं. दोघी पाण्याशी उतरल्या. भारतीनं रुमालाची गाठ सोडली. वेदश्रीनं ओंजळ भरून पूड घेतली आणि पाण्यावर धरली. वाऱ्यानं थोडी उडाली, बाकीची पाण्यात पसरली, क्षणभर पाणी लालसर दिसलं आणि मग हळूहळू दिसेनासं झालं. परत ओंजळ, परत. उरलेली तिनं भारतीच्या हातावर ओतली. "तुम्ही पण सोडा." भारतीनं सोडली. वेदश्रीनं खाली वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात, पाण्याला सांगितलं, "पंचमीला आईला पाठव." मग सरळ होऊन म्हणाली, "आता तुमचं सांगा."

भारतीनं नुसते ओठ हलवले.

"असं नाही. मोठ्यानं सांगा, अक्कोरे. तिला आता कान राहिले नाहीत."

शेंगा सोलणारा म्हातारा मान वळवून बघत होता. भारतीनं पाण्याकडं पाहिलं. राहू दे. हिला इथंच राहू दे, माझ्याकडं राहू दे, मला हिच्यावाचून करमायचं नाही. एवढंच खरं होतं तिच्याजवळ, दुसरं काही नव्हतं, आणि ते ओठांपर्यंत आलं होतं. पोर तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती, हातावर, नाकावर लाल पूड, कालची विस्कटलेली वेणी. भारतीनं श्वास घेतला.

"हिच्या आईला पाठव," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज फाटला, तिनं घसा खाकरला आणि परत म्हणाली. "पंचमीला पाठव. येऊ दे तिला, आणि हिला घेऊन जाऊ दे बेंगळूरला. कायमची."

वेदश्रीनं वळून पाहिलं. "घेऊन?"

"हो. खोली बघितलीय तिनं. शाळासुद्धा बघितलीय तुझी."

"आई येणार?"

"येणार. तिकीट काढलंय. अंबूताईच्या फोनवर आहे, आज गेल्यावर बघ."

पोरीनं आधी भारतीकडं पाहिलं, मग पाण्याकडं, जिथं आता लाल काही दिसत नव्हतं, आणि पुन्हा भारतीकडं. तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं. मग तिनं भारतीचा हात धरला, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि ओढला.

"पोचलं बघा, अक्कोरे," ती म्हणाली. "किती लवकर पोचलं."

"हो," भारती म्हणाली. "फार लवकर."